पुढे चाल : एका न झालेल्या कुस्तीची हकीकत

श्रोतेहो, कुस्ती कशी सुटते हे तुम्हां-आम्हांला ठाऊक आहे. कोणी चितपट होतो, कोणी गुणांवर जिंकतो, एखादी जोड बरोबरीत सोडवली जाते. पण स्पर्धेच्या तक्त्यावर आणखी एक नोंद असते आणि तिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. एका पैलवानाचे नाव लिहिलेले असते आणि त्याच्यासमोरची जागा रिकामी असते. कुस्ती झालेली नाही, कोणी हरलेले नाही, तरी तो गडी पुढच्या फेरीत गेलेला असतो. शाळांच्या सामन्यांत गुरुजी ह्याला 'बाय' म्हणतात. वर्तमानपत्रांत आणि मैदानावरच्या ध्वनिवर्धकावर 'पुढे चाल' हा शब्द ऐकू येतो. ही पुढे चाल कोठून आली, ती कोणाला मिळावी, आणि ती देण्यात न्याय आहे की पक्षपात, एवढाच आजचा विषय.

विषय लहान वाटेल. पण पाटोद्यासारख्या गावात तो लहान नाही. बालाघाटच्या डोंगरावरचा हा बीड जिल्ह्यातील तालुका; मांजरा नदी ह्याच डोंगरातून निघते. पाऊस बेताचा, शेती कोरडवाहू. पण ह्याच पाटोद्याच्या राहुल आवारे ह्याने २०१८ साली ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो वजनगटाचे सुवर्णपदक मिळविले, आणि पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळविले. तेव्हापासून ह्या भागातले पुष्कळ आईबाप मुलाला तालमीत घालताना एका तक्त्याकडे डोळे लावून बसतात. शाळा, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीवर असा तक्ता असतो. त्यात आपल्या मुलाला तीन कुस्त्या आणि शेजारच्या गावच्या मुलाला दोनच, असे दिसले की बाप विचारतो, "गुर्जी, आमच्या लेकराला एक कुस्ती जास्तीची धरायला लावली, अन् त्यो बसल्या जागी पुढं गेला. ह्ये कसलं गणित?" प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर देता आले पाहिजे.

उत्तर शोधण्यासाठी आधी आपल्या जत्रेच्या फडाकडे पाहू. जत्रेत पुढे चाल हा प्रकारच नव्हता, आजही नसतो. हलगी वाजू लागली की लंगोट लावलेली पोरे आखाड्याला फेरी मारतात. पंच मंडळी अंगलोट, उंची, वय आणि आजवरचे नाव पाहून दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतात. ह्याला आपण जोड लावणे म्हणतो. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर, मग रुपये वाढत जातात, आणि दिवस कलताना शेवटची मोठी कुस्ती होते. इनाम असते ते त्या एका कुस्तीचे. कुस्ती निकाली झाली की इनाम दिले, व्यवहार संपला. ज्याला तोलामोलाची जोड मिळाली नाही तो कपडे चढवून कडेला बसतो. तो जिंकला असे कोणी म्हणत नाही आणि हरला असेही म्हणत नाही.

ह्या पद्धतीत एक मोठे शहाणपण होते. बरोबरीच्या माणसाशीच झुंज, हा तिचा पाया. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभे केले, ते १९१२ साली पुरे झाले. तेथे हजारो लोक चारी बाजूंनी बसून एका वेळी एकच जोड पाहत. त्या मैदानानेही जोडीचीच परंपरा मोठी केली. पण ह्या पद्धतीला एका प्रश्नाचे उत्तर देता येत नव्हते. शंभर पैलवान जमले, पन्नास कुस्त्या झाल्या, पन्नास जण जिंकले. आता ह्या पन्नासांत पहिला कोण? जत्रा ह्या प्रश्नाच्या वाटेला जात नाही. जोड लावणारा पंच आपल्या नजरेने मोठी कुस्ती कोणाची ते ठरवतो, आणि लोक ते मानतात. एखाद्या नामवंताला बोलावणे आले आणि कोण्या गरीब पोराला आले नाही, तर त्या पोराने दाद कोणाकडे मागावी?

विसाव्या शतकाच्या मध्याला हे चित्र बदलले. १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, आणि १९६१ साली आपल्या मराठवाड्यात, त्या वेळच्या औरंगाबादला, पहिल्या महाराष्ट्र केसरीची लढत झाली. सांगलीच्या दिनकर दह्यारी ह्यांनी तो मान मिळविला. १९६९ साली लातूरला झालेल्या स्पर्धेत लातूर जिल्ह्याचेच हरिश्चंद्र बिराजदार महाराष्ट्र केसरी झाले. हेच बिराजदार पुढे राहुल आवारेचे वस्ताद. महाराष्ट्र केसरी म्हणजे एकट्याने मोठी कुस्ती मारणे नव्हे. जिल्ह्याजिल्ह्यातून निवडून आलेल्यांनी एकामागून एक फेऱ्या पार करावयाच्या. पुढे मातीचा विभाग आणि गादीचा विभाग असे दोन भाग झाले, दोन्हींचे विजेते शेवटी समोरासमोर येऊ लागले. पहिला कोण, हे पंचाच्या नजरेऐवजी तक्ता सांगू लागला. आणि जेथे तक्ता आला तेथे त्याच्या पाठोपाठ पुढे चाल आली. ती कोणी मुद्दाम आणलेली नाही. ती दुपटीच्या हिशेबातून आली.

आता हा हिशेब पाहू. शिक्षक मित्रांना तो फळ्यावर मांडता येईल, आणि इतरांनी बोटांवर मोजला तरी चालेल. शेवटच्या कुस्तीत दोन जण हवेत. त्याआधीच्या फेरीत चार, त्याआधी आठ, मग सोळा, बत्तीस, चौसष्ट. दर वेळी दुप्पट. पैलवान बरोबर आठ किंवा सोळा आले तर काहीच अडत नाही. पण माणसे अशी मोजून कोठे येतात? कधी तेरा येतात, कधी नऊ. मग वरचा जवळचा दुपटीचा आकडा घ्यायचा आणि त्यातून आलेली संख्या वजा करायची. तेरा आले तर सोळातून तेरा गेले, उरले तीन. तिघांना पुढे चाल. बाकीच्या दहा जणांच्या पाच कुस्त्या. पाच विजेते आणि तीन पुढे चाललेले, झाले आठ. तेथून पुढे चार कुस्त्या, मग दोन, मग एक. एकूण बारा.

ह्या बाराच्या आकड्यात एक गंमत आहे. पैलवान तेरा आणि कुस्त्या बारा. पैलवान चाळीस असते तर कुस्त्या एकोणचाळीस. कारण उघड आहे. दर कुस्तीत एक जण बाद होतो, आणि शेवटी एकालाच उरायचे असते. म्हणून एक वजा करून जितके उरतात तितक्या कुस्त्या. पुढे चाल कितीही द्या, कशीही द्या, हा आकडा हलत नाही. मग पुढे चाल देताना बदलते काय? कुस्त्यांचा भार कोणाच्या अंगावर किती पडतो, एवढेच बदलते. आणि न्याय-अन्यायाचा सगळा प्रश्न ह्या वाटणीत आहे.

ही वाटणी चुकली तर काय होते ह्याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. तो कुस्तीचा नाही, टेनिसचा आहे, पण हिशेब तोच. १८७७ साली इंग्लंडात विम्बल्डन येथे पहिली स्पर्धा भरली. बावीस खेळाडूंची नावे आली. बावीसांच्या अकरा जोड्या लागल्या, अकरा उरले. अकरा ही विषम संख्या, म्हणून एकाला पुढे चाल देऊन पाच सामने खेळवले, सहा उरले. सहांचे तीन झाले. आता तिघांत उपांत्य फेरी कशी करणार? दोघांना खेळवले आणि विल्यम मार्शल नावाच्या तिसऱ्याला न खेळता थेट अंतिम सामन्यात पाठवले. अंतिम सामन्यात स्पेन्सर गोरने त्याला सरळ हरवले, म्हणून फार ओरड झाली नसेल. पण विचार करा, स्पर्धेच्या ऐन शेवटी, जेव्हा प्रत्येक सामना सर्वांत अवघड असतो, तेव्हा एकाला बसून राहता आले.

चूक कोठे झाली? अडचण येईल तेव्हा सोडवू, असे म्हटले तेथे. विषम संख्या आली की एकाला वगळा, पुन्हा आली की पुन्हा वगळा. आपल्याकडे शाळांच्या आणि गावच्या स्पर्धांतही घाईगर्दीत असेच होऊ शकते. नऊ मुलांचे उदाहरण घ्या. एकाला वगळून चार कुस्त्या, उरले पाच. पुन्हा एकाला वगळून दोन कुस्त्या, उरले तीन. पुन्हा एकाला वगळून एक कुस्ती, उरले दोन. आता तिन्ही वेळा चिठ्ठी एकाच मुलाची निघाली तर? तो एकही कुस्ती न धरता अंतिम फेरीत उभा राहील. असे सरासरीने पंधरा वेळांत एकदाच घडेल हे खरे. पण जी पद्धत असे घडू देते तिच्यावर कोणी विश्वास का ठेवावा? आणि एकाच मुलाला दोनदा पुढे चाल मिळणे तर ह्याहून पुष्कळ सोपे आहे.

ह्यावर तोड निघाली ती १८८० च्या दशकात. बॅग्नॉल-वाइल्ड नावाच्या गृहस्थाच्या नावाने ती पद्धत ओळखली जाते. तिचे सार एका वाक्यात सांगता येईल : सगळ्या पुढे चाली पहिल्याच फेरीत देऊन टाका. बावीस असतील तर बत्तीसातून बावीस वजा करा, दहा उरतात; दहा जणांना पहिल्या फेरीत पुढे चाल द्या, बाकी बारा जणांचे सहा सामने लावा. सहा विजेते आणि दहा मिळून सोळा. तेथून शेवटपर्यंत कोणालाही सूट नाही. नऊ मुलांत ह्याच नियमाने सोळातून नऊ वजा केले की सात उरतात. सात जणांना पुढे चाल आणि पहिल्या फेरीत कुस्ती एकच.

येथे गावकरी हमखास चमकतो. नवांपैकी सातांना फुकट पुढे चाल, हा तर उलटाच अन्याय दिसतो! पण जरा दुसऱ्या बाजूने मोजा. सात जणांना सूट दिली असे म्हणण्यापेक्षा दोघांना एक जादा कुस्ती धरावी लागली असे म्हणा. नऊ आणि आठ ह्यांत फरक एकाचा. तो एक कमी करण्यासाठी एक कुस्ती लावणे भागच होते. आता विजेता कोणीही होवो, त्याने तीन तरी कुस्त्या मारलेल्या असणार, जास्तीत जास्त चार. फरक एकाच कुस्तीचा. आधीच्या पद्धतीत एक जण तीन कुस्त्या मारून आणि दुसरा एकही न मारता शेवटच्या लढतीला समोरासमोर येऊ शकत होते. योग्य पद्धतीने फरक नाहीसा होत नाही, पण तो एका कुस्तीपलीकडे जात नाही. त्या बापाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हेच. गुरुजींनी त्याला सांगावे, "दादा, एकाचा फरक आकड्यामुळं पडतो. दोनाचा पडला तर मला धरा."

उरलेले अर्धे उत्तर चिठ्ठीत आहे. जादा कुस्ती कोणी धरायची हे ठरवणार कोण? संयोजकाने ठरवले की लगेच शंका आली : अमुक पोरगा सरपंचाच्या भावकीतला, तमुक देणगीदाराच्या तालमीतला. म्हणून ते माणसाने ठरवू नये, चिठ्ठीने ठरवावे. निवडणुकीत दोघांना सारखी मते पडली तर आपण ईश्वरचिठ्ठी टाकतो आणि हरलेलाही ती मानतो, कारण चिठ्ठीला नाते नसते. आंतरराष्ट्रीय कुस्तीतही हेच तत्त्व आहे. चिठ्ठीने क्रमांक पडतात, आणि संख्या सोळा-बत्तीसात बसत नसेल तर यादीच्या खालच्या टोकाच्या पैलवानांत आधी पात्रता फेरी होते. नाव निराळे, हिशेब आपलाच. अलीकडच्या वर्षांत मात्र जागतिक स्पर्धांत आधीच्या कामगिरीवरून वरच्या काहींना मानांकन देतात आणि त्यांना तक्त्यावर दूर दूर ठेवतात, म्हणजे दोन तगडे मल्ल सुरुवातीलाच भिडू नयेत. ह्यात गैर काही नाही. अट एवढीच की मानांकनाचा नियम आधी जाहीर झालेला असावा.

शाळेच्या सामन्यांसाठी शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत जी रीत शिकवतात ती शिक्षक बंधूंनी लक्षात ठेवावी. तेरा मुले असतील तर तक्त्याचे दोन भाग करावेत, वर सात आणि खाली सहा. तीन पुढे चालींपैकी पहिली खालच्या भागातील शेवटच्या जागेला, दुसरी वरच्या भागातील पहिल्या जागेला, तिसरी खालच्या भागातील पहिल्या जागेला. चौथी असती तर वरच्या भागातील शेवटच्या जागेला. अशाने पुढे चाली दोन्ही भागांत विखुरतात आणि दोन्हींकडून चार-चार जण पुढे येतात. ह्यात महत्त्वाची गोष्ट अशी की जागा आधी ठरतात, नावे नंतर पडतात. कोणत्या जागेला पुढे चाल आहे हे फळ्यावर लिहून झाल्यावर मग चिठ्ठ्या काढाव्यात. मुलांच्या देखत, वजने झाल्यावर, आणि शक्य तर त्यांच्यातल्याच एका लहानग्याच्या हातून. बंद खोलीत काढलेली चिठ्ठी खरी असली तरी लोकांच्या लेखी खोटीच.

आपल्या भाषेत येथे एक घोटाळा होतो, तोही सोडवला पाहिजे. प्रतिस्पर्धी आलाच नाही, वजनात बसला नाही किंवा दुखापतीने बाहेर पडला तर समोरच्याला विजयी ठरवतात, आणि त्यालाही आपण 'पुढे चाल'च म्हणतो. पण ही गोष्ट निराळी. १९१० साली गामा पैलवान लंडनला गेला. १० सप्टेंबरला पोलंडच्या स्टॅनिस्लाउस झ्बिस्को ह्याच्याशी त्याची कुस्ती झाली. झ्बिस्को जमिनीला चिकटून राहिला, दोन तासांहून अधिक वेळ गेला, निकाल लागेना. पुन्हा १७ सप्टेंबरचा दिवस ठरला. त्या दिवशी गामा आला, झ्बिस्को आला नाही. गामाला विजयी ठरवून मानाचा पट्टा देण्यात आला. ही प्रतिस्पर्ध्याच्या गैरहजेरीची पुढे चाल. तेथे समोर माणूस होता आणि त्याने माघार घेतली. पहिल्या फेरीच्या 'बाय'मध्ये समोर माणूस मुळातच नसतो. एकीत कोणाची तरी हार लिहिली जाते, दुसरीत कोणाचीच नाही. पुढे १९२८ साली पतियाळात दोघे पुन्हा भेटले, आणि गामाने झ्बिस्कोला मिनिटभराच्या आत चीत केले. पट्टा आधीच मिळाला होता, पण लोकांच्या मनातला निकाल त्या दिवशी लागला.

आता कोणी म्हणेल, एका कुस्तीच्या फरकाचा एवढा बाऊ कशाला? त्याचे उत्तर कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या हकिकतीत मिळते. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या काळी ऑलिंपिक कुस्तीत आजच्यासारखा तक्ता नव्हता. चितपट मारली तर शून्य, त्याहून कमी प्रतीच्या निकालाला दोषाचे गुण, आणि असे पाच गुण साठले की पैलवान बाद. जाधवांची जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ झुंज झाली आणि ते गुणांवर हरले. त्या दमछाकीनंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवशी लढायला उतरवले गेले असे सांगतात; तेथेही त्यांची हार झाली. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य, जाधवांना कांस्य. विश्रांतीचा नियम दाखवून भांडायला त्यांच्या बाजूचा अधिकारी तेथे हजर नव्हता, अशीही हकीकत आहे. दम ही पैलवानाची अर्धी ताकद असते. एक कुस्ती जास्त धरणे किंवा अर्धा तास कमी बसणे, ह्याने निकाल फिरू शकतो. म्हणूनच आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत एका वजनगटाच्या कुस्त्या दोन दिवसांत विभागतात.

पण पुढे चाल मिळालेला प्रत्येक वेळी फायद्यातच असतो असेही नाही. ज्याने एक कुस्ती मारली त्याचे अंग तापलेले असते, मातीचा किंवा गादीचा अंदाज आलेला असतो, मनातली धास्ती गेलेली असते. बसून राहिलेला गार अंगाने उतरतो आणि पहिल्याच झटक्याला सापडू शकतो. म्हणून जाणते वस्ताद पुढे चाल मिळालेल्या पोराला बसू देत नाहीत. जोर-बैठका काढायला लावतात, कडेला एखाद्या जोडीदाराशी हलकी पकड करायला लावतात. चिठ्ठीने दिलेला वेळ कसा वापरायचा हे तालमीवर आहे.

तक्त्यातला आणखी एक अन्याय मात्र पुढे चालीहून मोठा आहे, आणि तो दाखवून दिला एका गणिताच्या अध्यापकाने. ऑक्सफर्डचे चार्ल्स डॉजसन, म्हणजे मुलांसाठी 'ॲलिस'ची गोष्ट लिहिणारे लुईस कॅरोल, ह्यांनी १८८३ साली टेनिसच्या स्पर्धांवर एक पुस्तिका लिहिली. त्यांचे म्हणणे असे : समजा बत्तीस खेळाडू आहेत आणि जो चांगला तोच नेहमी जिंकतो. सर्वांत चांगला पहिला येईल, ह्यात शंका नाही. पण दुसऱ्या क्रमांकाच्या योग्यतेचा खेळाडू दुसरा येईलच का? पहिल्याने एक जागा घेतली, उरल्या एकतीस. त्यांतल्या पंधरा पहिल्याच्याच अर्ध्या भागात आहेत, सोळा दुसऱ्या भागात. त्या पंधरांत ह्या बिचाऱ्याची चिठ्ठी निघाली तर अंतिम फेरीच्या आधीच तो पहिल्यापुढे हरणार. म्हणजे त्याला दुसरे बक्षीस मिळण्याची शक्यता एकतीसात सोळा, जेमतेम निम्मी.

ह्या दुखण्यावर कुस्तीने, आणि जूदोसारख्या इतर झुंजीच्या खेळांनी, औषध काढले ते दुसऱ्या संधीचे. अंतिम फेरीत पोचलेल्याने वाटेत ज्यांना हरवले त्यांना परत बोलावून कांस्यपदकासाठी लढवायचे. हरियाणाची साक्षी मलिक २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत रशियाच्या वालेरिया कोब्लोवाकडून हरली. कोब्लोवा अंतिम फेरीत गेली म्हणून साक्षीला पुन्हा दार उघडले; तिने दोन कुस्त्या मारल्या आणि कांस्यपदक घेतले. भारतीय महिला कुस्तीचे ते पहिले ऑलिंपिक पदक. त्याआधी २००८ साली बीजिंगला सुशील कुमारलाही कांस्यपदक ह्याच वाटेने मिळाले होते.

आपल्या राहुल आवारेच्या पदकाचीही वाट तक्त्याच्या अशाच न्यायातून जाते. २०१९ साली कझाकस्तानात, त्या वेळी नूर-सुलतान आणि आज पुन्हा अस्ताना म्हणवल्या जाणाऱ्या शहरात, तो उपांत्य फेरीत जॉर्जियाच्या बेका लोमताद्झेकडून ६-१० असा हरला. लोमताद्झे पुढे विश्वविजेता झाला. जुन्या साध्या तक्त्यात राहुलची स्पर्धा तेथेच संपली असती. कांस्यपदकाची लढत होती म्हणून तो पुन्हा उभा राहिला आणि अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ असे हरवून पदक घेऊन आला. सर्वांत बलवान माणसाकडून हरणे म्हणजे सर्वांहून दुबळे असणे नव्हे, हे तक्त्याने मान्य केले तेव्हा पाटोद्याच्या पोराला त्याचे पदक मिळाले.

श्रोतेहो, ह्या सगळ्या हकिकतीतून मला दिसते ते असे. जत्रेच्या फडात न्याय पंचाच्या नजरेत होता. नजर चांगली असेल तर न्याय उत्तम, नजर फिरली तर इलाज नाही. तक्ता आला आणि न्याय नियमात आला. नियमाला नजरेसारखे बारकावे कळत नाहीत. नवांचे आठ करताना कोणाला तरी जादा कुस्ती धरावीच लागते, आणि ती कोणाच्या वाट्याला येईल हे चिठ्ठी सांगते. पण नियम सगळ्यांना वाचता येतो. बाप निरक्षर असला तरी सोळातून तेरा गेले तीन, हे त्याला समजते. जे समजते त्यावर माणूस विश्वास ठेवतो, आणि विश्वास असला की हार पचते. लेकरू हरले म्हणून कोणी तालीम सोडवत नाही. लेकराला फसवले असे वाटले की सोडवतात, आणि एकदा सुटलेली तालीम पुन्हा धरली जात नाही.

म्हणून शिक्षक मित्रांना एवढीच विनंती. येत्या हिवाळ्यात तुमच्या शाळेवर सामने भरतील तेव्हा सकाळी वजने झाली की पहिली दहा मिनिटे ह्या हिशेबाला द्या. किती मुले आली, वरचा आकडा कोणता, वजाबाकी किती, पुढे चालीच्या जागा कोणत्या, हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. मग पालकांना जवळ बोलवा आणि चिठ्ठ्यांचा डबा सर्वांसमोर उघडा.